फोटोसाठी केलेली तयारी : आपले अनुभव लिहावेत

फणेरपेटी
काल माळ्यावरून आईची फणेरपेटी खाली काढली. आरसा डागाळला आहे आणि मेणाची डबी कोरडी पडली आहे. परंतु झाकण उघडताच १९७६ सालचा तो रविवार आठवला. स्थळांकडे पाठवायच्या माझ्या फोटोसाठी आईने सकाळपासून दोनदा वेणी घातली आणि दोनदा सोडली. स्टुडिओतल्या आरशापुढे तिने माझ्या मानेलाही पावडर लावली, कारण चेहरा उजळ आणि मान सावळी दिसली तर पाहणाऱ्यांच्या ते लगेच लक्षात येते, असे तिचे म्हणणे होते. मी फार चिडले होते. फोटोत कपाळाजवळ एक बट सुटलेली आहे. ती मागे सारायला आई पुढे आली, तेव्हाच छायाचित्रकाराने तिला बाजूला व्हायला सांगितले होते.

तांबडी माती
आमच्या तालुक्याच्या गावी स्टुडिओत एकच कोट असे आणि तो सर्वांच्याच अंगावर चढे. माझ्या अंगावर तो इतका ढगळ झाला, की मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून तो आवळावा लागला. आदल्या रात्री वडिलांनी पितळी तांब्यात निखारे घालून माझ्या सदऱ्याला इस्त्री केली होती आणि विजार घडी घालून गादीखाली ठेवली होती. वडील एरवी माझ्याशी फारसे बोलत नसत, म्हणून त्या इस्त्रीचे मोल मला अधिक वाटते.

ओसरी
फणेरपेटीताई, मेण कशासाठी लागत असे?

फणेरपेटी
कपाळावर आधी मेणाचे बोट टेकवायचे आणि त्यावर पिंजर दाबायची, म्हणजे कुंकू घामाने ओघळत नसे.

सोनचाफा
हा फोटोचा अनुभव नाही, तरी लिहिते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाळेचा गट वरळीच्या केंद्रात समूहगीतासाठी गेला. शुभ्र पांढरे कपडे दिव्यांखाली चमकतात म्हणून घालू नयेत, असे बाईंनी बजावले होते. चित्र कृष्णधवल दिसणार हे ठाऊक असूनही आईने माझ्या रिबिनींचा रंग निवडण्यासाठी दुकानदाराला सगळा गठ्ठा उलगडायला लावला. अखेरीस घेतलेल्या मोरपंखी रिबिनी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर करड्या दिसल्या; पण आई सर्वांना रंग सांगत होती.

ओसरी
माझ्या आजीला बालगंधर्वांचे नाटक पाहिल्याचा फार अभिमान होता. त्यांच्यासारखा पदर आणि अंबाड्यावरचा गजरा त्या काळी कितीतरी बायकांनी उचलला, असे ती सांगे. शेवटच्या आजारपणात ती दवाखान्यात होती, तेव्हा चार वाजता भेटीची वेळ सुरू होण्याआधी मी तिचे केस विंचरत असे. केस अगदी विरळ झाले होते, तरी अंबाडा नीट बसला का हे ती हाताने चाचपून पाहत असे आणि कुड्या घातल्याशिवाय कोणाला आत येऊ देत नसे. परिचारिका कुड्या काढून ठेवायला सांगत, म्हणून मी त्या रोज रुमालात बांधून नेत असे.

तांबडी माती
ओसरीताई, आजींचा अंबाड्यातला एखादा फोटो आहे का?

ओसरी
एकच आहे, आणि तोही पाठमोरा. गजरा मात्र स्पष्ट दिसतो.