तीस दिवसांत कादंबरीचा खर्डा: नाशिककरांनो, तुमचा महिना कसा गेला?

नोव्हेंबर संपला. आपल्यातल्या काहींनी महिन्याभरात कादंबरीचा पहिला खर्डा लिहायचा विडा उचलला होता. ही कल्पना १९९९ सालची, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली. ख्रिस बेटी आणि इतर मिळून २१ जण होते आणि महिना जुलैचा होता. नोव्हेंबर ठरला तो पुढच्या वर्षी. ५०,००० शब्द, ३० दिवस, म्हणजे रोज १,६६७. पुढे त्यातून उभी राहिलेली संस्था बंद होणार असल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं, पण आपल्याला लिहायला वही पुरते. पूर्ण झालं असेल त्यांनी सांगाच. अर्ध्यात सुटलं असेल त्यांनी तर आधी सांगा.

सुरुवात मी करते. गंगापूर रोडला राहते, शाळेत शिकवते. पहिला आठवडा रोज रडकुंडीला येत होते. मग लक्षात आलं की १,६६७ हा आकडा इंग्रजीचा आहे. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘माजघरातल्यासारखा’ हा एकच शब्द मोजला जातो, इंग्रजीत त्याचे चार-पाच झाले असते. मी रोजचे १,२०० ठरवले आणि श्वास घेता आला.

दुसरी अडचण माझीच होती. कादंबरीत २००८ चा गोदावरीचा पूर आहे. पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं, नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला लागलं का, हे शोधण्यात तीन दिवस गेले आणि ओळ एक नाही. चौथ्या दिवशी चौकट काढून आत लिहिलं, ‘पाणी कुठवर ते नंतर बघ’, आणि माणसांना माडीवर चढवलं. खर्ड्यात अशा ४१ चौकटी आहेत. शब्द ३४,३०० झाले. मला हा महिना फार मोलाचा वाटतो.

पिंपळगाव बसवंतहून

ताई, शब्दांचं पटलं. पण नोव्हेंबर हा महिना द्राक्षवाल्यानं निवडलेला नाही, एवढं नक्की! ऑक्टोबरात छाटणी झाली की नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात येते, आणि तेव्हाच आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो. मी पहाटे चारला उठून, मजूर यायच्या आत, शेडमध्ये बसून फोनवर बोलून लिहायचो. माझ्या फोनवर विरामचिन्हं येत नाहीत. पानभर सलग मजकूर, आणि ‘घड’ म्हटलं की ‘गड’. एका प्रसंगात म्हातारा कात्री घेऊन गड विरळायला निघालाय. तो तसाच ठेवून पुढं गेलो, कारण मागं वळलो असतो तर तिथंच बसलो असतो.

मधे दोन रात्री अवकाळी झाला. डावणी, म्हणजे पानांवरची बुरशी, येईल म्हणून फवारणी, फुलगळ, घडकुज. चार दिवस शून्य शब्द. पाचव्या पहाटे बसलो तर वाटलं, आता काय लिहायचं. तोंडातून आपोआप तोच पाऊस यायला लागला: फवारणीच्या ब्लोअरचा आवाज, बॅटरीच्या उजेडात पानामागं पांढरी बुरशी बघणारा बाप, आणि बापाकडं न बघता टाकीत पाणी सोडणारा पोरगा. त्या पहाटे २,४०० शब्द झाले. माझ्या २१,००० मधले तेवढेच मला खरे वाटतात. पुढच्या वेळी मी मे महिन्यात बसणार.

सातपूरहून

मी नवव्या दिवशी थांबलो. तिसऱ्या पाळीत चहाच्या सुट्टीत खिशातल्या डायरीत लिहायचो. वेळ कमी पडला असं सांगता आलं असतं, पण खरं कारण वेगळं आहे. माझ्या नायकाला काहीच नको होतं. कंपनीत जायचा, घरी यायचा. त्याला काय हवंय ते सापडलं की परत सुरू करीन.

पंचवटीहून

वय ७१. टंकलेखन येत नाही, फुलस्केपवर शाईच्या पेनानं लिहिलं. सावानातून, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयातून, आयुष्यभर कादंबऱ्या आणून वाचल्या, लिहिली मात्र पहिलीच. मला कालचं पान परत वाचून खोडायची वाईट खोड. म्हणून सूनबाईंना सांगितलं, रोज रात्री झालेली पानं कपाटात घालून किल्ली तुमच्याकडे ठेवा. मी मागितली तरी द्यायची नाही. बाराव्या दिवशी मी मागितली. त्यांनी दिली नाही.

३० तारखेला संध्याकाळी त्यांनी ११२ पानांचा गठ्ठा सुतळीनं बांधून हातात दिला. ७१ व्या पानावर कागदाची एक चिठ्ठी खोचलेली होती. तिथून पुढे माझ्या नायिकेचं नाव बदललंय. सगळीकडे माझ्या आईचं नाव आहे, आणि लिहिताना मला ते कळलंही नव्हतं. सूनबाईंनी पेन्सिलीनं फक्त एक रेघ मारली होती नावाखाली.

आता ते नाव खोडायचं की आधीची ७० पानं बदलायची, हे अजून ठरलेलं नाही.