नळीला भोकं पाडलेली एअर रायफल घ्यावी का? (बजेट ६० हजार)

म्हापसेकर_बाबा: मुलगी नववीत आहे, वर्षभर १० मीटर एअर रायफल शिकते. २०२३ ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हापासून खेळायचंच म्हणून बसलीय. आतापर्यंत क्लबची रायफल वापरली. आता ओळखीतल्या एकाकडे वापरलेली .१७७ मापाची पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) मिळतेय. नळीच्या तोंडापासून चार बोटांवर दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं आहेत, मालकानेच पाडून घेतलेली. म्हणतो, उसळी कमी होते, ग्रुप घट्ट येतो, म्हणजे छर्रे जवळजवळ लागतात. खरंच फायदा आहे का? साठच्या वर जमणार नाही.

डिचोलीकर: जुनी घेऊन पस्तावाल. मी मुलासाठी कर्ज काढून फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीची नवी रायफल घेतली, तीन वर्षांत एकदाही तक्रार नाही. थोडं थांबा, पैसे साठवा, पण नवीच घ्या.

साळावलीचा: भोकं राहू द्या, आधी पावसाळ्याचा विचार करा. माझी रायफल फोमच्या पेटीत बंद होती, चवथीला बाहेर काढली तर नळीवर तांबूस ठिपके. फोम ओल धरून ठेवतो. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या पुड्या अधूनमधून तापवून सुकवा. त्यात ही सहा भोकं म्हणजे दमट हवेला सहा दारं.

निवृत्त_जवान: भोकाला एवढं काय घाबरायचं? लष्करात इन्सास रायफल वर्षानुवर्षं चालवली, तिच्या नळीला भोक असतंच. त्यातून गॅस वर जातो, पिस्टन मागे ढकलतो. एके-४७ चंही तेच. वेगळे प्रयोग खूप झाले. अमेरिकनांची गॅरंड रायफल सुरुवातीला नळीच्या तोंडाशी गॅस अडवायची, १९४० च्या सुमारास त्यांनी ते सोडून नळीतच साधं भोक घेतलं. जर्मनांच्या गेवेअर ४१ रायफलीचीही तोंडाशीच अडवायची पद्धत होती, ती घाण धरून अडकायची. १९४३ ला तेही साध्या भोकावर आले. साधंच टिकतं.

फोंड्याचा_फिटर: काका, ते भोक यंत्रणा चालवायला असतं. पीसीपीत मागे ढकलायला पिस्टनच नाही, इथे भोकं फक्त हवा बाजूला सोडतात. तत्त्व खोटं नाही. छर्रा तोंडातून सुटताना मागची हवा त्याच्या शेपटीवर आदळते, ती आधीच निघून गेली तर धक्का कमी लागतो. पण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा सात-साडेसात ज्यूल. त्यात उसळी ती किती असणार? माझी खरी भीती वेगळी आहे. मी लेथवर काम करतो. बाहेरून ड्रिल मारलं की आतल्या बाजूला बर, म्हणजे धातूची धारदार कड, उभी राहते, ती शिशाच्या छर्‍याची कड खरवडते. मॅच नळीला तोंडाशी बारीकसा चोक, म्हणजे किंचित अरुंद भाग, असतो, नेमकं त्याच्याच जवळ ड्रिल गेलेलं असतं. कान साफ करायची कापसाची काडी तोंडाकडून आत सरकवून फिरवा. धागे अडकले तर समजा बर आहे.

डिचोलीकर: म्हणूनच म्हणतो, नवी घ्या.

पंचगिरी: घाई नको! आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात रायफलीच्या नळीला किंवा पुढच्या जोडनळीला कसलंही भोक चालत नाही. कॉम्पेन्सेटर, मझल ब्रेक ही उसळी कमी करायला तोंडाशी लावायची साधनंही बंद. एअर पिस्तुलाला मात्र चालतं, स्टायर एलपी १० या पिस्तुलाला तर कारखान्यातूनच असतात. उपकरण तपासणीत ही रायफल बाजूला काढतील, मुलगी रडत घरी येईल. मी असं पाहिलंय.

सांगेकर_मावशी: स्पर्धेत चालणार नाही असं कुठेतरी वाचलंय. आधी चौकशी करा. आणि नवीच बघा.

म्हापसेकर_बाबा: सगळ्यांचे आभार. काल जाऊन बघितली. काडी फिरवली, डाव्या बाजूच्या दोन भोकांशी धागे अडकले. मालकाला तिथेच दाखवले, पन्नासला सौदा ठरला. मग टेबलावर वाळूची पिशवी ठेवून दहा मीटरवर पाच छर्रे मारले, पाचही आठ आण्याच्या नाण्याखाली झाकले गेले. स्पर्धेला क्लबचीच रायफल नेईल, ही घरच्या सरावाला. पडवी मोजली, बरोबर दहा मीटर भरते, शेवटी छर्रे अडवणारा लोखंडी पेलेट ट्रॅप बसवतोय. नळी पुढे कधीतरी बदलता येईल. पण हिचा दस्ता तिच्या खांद्याला पहिल्यांदाच नीट बसला. खाली ठेव म्हटलं तर ठेवायलाच तयार नव्हती.

फिटरदादा, ती बर आतून काढता येईल का? रविवारी फोंड्याला येतो.