पहिलाच गेमिंग पीसी, बजेट ६० हजार, दुकानदाराचं कोटेशन बघून सांगा ना

बार्शीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. डिप्लोमा झाला, जॉबला लागून ८ महिने झाले आणि आत्ता भिशी लागली म्हणून पहिल्यांदाच स्वतःच्या पैशाचा पीसी घ्यायचाय. मॉनिटर धरून ६० पर्यंत जमेल, कीबोर्ड माऊस जुनाच चालवीन. मित्रांसोबत व्हॅलोरंट, जीटीए ५, आणि जमलंच तर सायबरपंक. इथल्या एका दुकानात विचारलं तर त्याने हे लिहून दिलं: आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ एसएसडी, चार पंख्यांचा लायटिंगवाला कॅबिनेट, २२ इंच मॉनिटर, सगळं मिळून ३४ हजार. घरचे म्हणतात आय-७ मिळतोय तर घेऊन टाक की, मलाच कसंतरी वाटतंय, एवढं स्वस्त कसं काय देतोय तो?

लॅमिंग्टनचा_भटक्या
आय-७ कुठल्या जनरेशनचा, ग्राफिक्स कार्डचा नंबर काय, आणि एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा) कुठल्या कंपनीचा? एवढं विचारून ये, मग बोलू.

बार्शीचा_पोरगा
विचारून आलो. प्रोसेसर आय-७ २६००, कार्ड जीटी ७३०. एसएमपीएसचं विचारलं तर म्हणाला "कॅबिनेटसोबत येतो, टेन्शन नको घेऊ".

लॅमिंग्टनचा_भटक्या
पळ तिथून. २६०० हा २०११ चा प्रोसेसर आहे रे, तू तेव्हा प्राथमिक शाळेत असशील. ऑफिसांतून भंगारात निघालेले हे प्रोसेसर नव्या बोर्डावर बसवतात, वर काचेचा कॅबिनेट आणि लाइट, झाला गेमिंग पीसी. जीटी ७३० वर ४ जीबी लिहिलंय ते खरंच असेल, पण मेमरी जास्त म्हणून कार्ड पळत नसतं, त्या पिढीच्या कार्डांना एनव्हिडियाने नव्या गेमचे ड्रायव्हर देणं २०२१ मध्येच बंद केलंय. आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारं सेटिंग) लागतं, २६०० च्या बोर्डावर टीपीएम २.० कुठून आणणार? म्हणजे ज्या गेमसाठी घेतोयस तोच अडणार.

माझं मत विचारशील तर रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड ही जोडी धर. १०८० पी (फुल एचडी) ला आजही मस्त चालते, कार्ड १३२ वॅटचं आहे त्यामुळे ५५० वॅटचा चांगला ब्रॉन्झ रेटिंगचा (वीज कमी वाया घालवणारा) एसएमपीएस पुरतो. मदरबोर्ड बी५५० घे, बजेट ओढलं जात असेल तर बी४५० पण चालेल, फक्त जुना स्टॉक असेल तर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट दुकानातच करून घे नाहीतर घरी आणून डिस्प्लेच येणार नाही. रॅम ८-८ च्या दोन काड्या, १६ ची एक नको. रॅमचे भाव सध्या डोक्यावर बसलेत म्हणून डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) च्या वाटेला जाऊच नको. मॉनिटर २४ इंच आयपीएस पॅनेलचा, १०० हर्ट्झच्या (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते) खाली नको.

कोथरूडकर
मी थोडं वेगळं सांगतो, पटलं तर बघ. आत्ता ५६००जी घे, त्यात ग्राफिक्स आतच असतं, व्हॅलोरंट आरामात खेळशील आणि ६ महिन्यांनी कार्ड टाक. एकदम ६० हजार मोकळे करायची गरज काय.

लॅमिंग्टनचा_भटक्या
दादा हे ज्याचं बजेट ३५ आहे त्याला सांगा. ५६००जी मध्ये कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) निम्मी, १६ एमबी, साध्या ५६०० ला ३२. उद्या कार्ड टाकल्यावर तोच मागे पडणार. ह्याच्या हातात आत्ताच पैसे आहेत ना.

कोथरूडकर
बरं बाबा, मान्य. मग सेकंडहँड कार्ड तरी बघ, आरएक्स ५८० बऱ्यापैकी स्वस्तात मिळतं.

सांगलीवाला
५८० घेणार असशील तर खोक्यावर नाही, सॉफ्टवेअरमध्ये बघून घे. ५८० म्हणून जे नवंकोरं स्वस्तात विकतात ते बऱ्याचदा "२०४८ एसपी" निघतं, म्हणजे २०४८ कोरचं; खरं ५८० असतं २३०४ कोरचं, हे म्हणजे ५७० च, नाव बदललेलं. मी फसलोय. शिवाय २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम ह्या क्रिप्टो नाण्याचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडलं तेव्हा रात्रंदिवस रगडलेली कार्डं ढिगाने बाजारात आली, त्यातलंच माझ्या नशिबी आलं, पंखा कुरकुर करायचा आणि बॅकप्लेटवर तेलाचा चिकट थर. नवीन ६६०० घे, ३ वर्षांची वॉरंटी बघून, आणि पक्कं जीएसटी बिल माग. "बिलाशिवाय दीड हजार कमी करतो" म्हणतील, ऐकू नको, कार्ड गेलं की तेच दीड हजार आठवतात.

अजून एक, ५६०० च्या पिना प्रोसेसरलाच असतात. त्याला हात लावताना कडेने धर. माझी एक पिन वाकली होती, रिकाम्या लीड पेन्सिलच्या टोकात ती पिन घेऊन हळूहळू सरळ केली, १५ मिनिटं श्वास रोखून. आणि कधी कूलर काढायची वेळ आली तर सरळ वर ओढू नको, आधी थोडा फिरवून सैल कर नाहीतर पेस्टला चिकटून प्रोसेसर पण वर येतो.

बार्शीचा_पोरगा
खूप आभार सगळ्यांचे. आमच्याकडे लाइट जाते सारखी, यूपीएस पण लागेल का?

सांगलीवाला
घेच. ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅट, तुझा सेट मॉनिटरसकट खेळताना २७०-२८० च्या आसपास जाईल. गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता. मॅच पूर्ण करायचा विचार असेल तर सोडून दे.

बार्शीचा_पोरगा
(तीन आठवड्यांनी) पुण्याहून पार्ट आणले, काल रात्री मामाच्या पोराला घेऊन बसलो, पावणेदोनला चालू झाला. जीटीए मक्खन. पण व्हॅलोरंट उघडलं की व्हॅन ९००१ असा एरर येतोय. आता काय राहिलं?

लॅमिंग्टनचा_भटक्या
अभिनंदन. पार्ट नाही राहिला, सेटिंग राहिलंय. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्क जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) आहे का बघ, एमबीआर (जुनी पद्धत) असेल तर पुढे जाऊ नको, विंडोज बूटच होणार नाही, आधी ती बदलावी लागेल. जीपीटी असेल तर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद कर, एफटीपीएम (प्रोसेसरच्या आतलंच टीपीएम) चालू, सिक्युअर बूट चालू, सेव्ह. आणि तिथे गेलाच आहेस तर एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) पण चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर चालत बसेल आणि तुला कळणार पण नाही. विंडोजमध्ये मॉनिटर ६० हर्ट्झवरच असेल बहुतेक, तेही बघ.

बार्शीचा_पोरगा
झालं चालू! सीएसएमच होतं. मॉनिटर पण खरंच ६० वर होता. पहिल्या मॅचला २ किल आणि १७ डेथ, ह्याचा पार्ट कुठल्या दुकानात मिळतो?