मदत हवी आहे: वयात येऊ लागलेल्या ट्रान्सजेंडर मुलाच्या उपचारांबाबत घरात एकमत होत नाही

नमस्कार,

आमचे मूल 11 वर्षांचे आहे. जन्माच्या वेळी नोंद मुलगी अशी झाली. परंतु बोलू लागल्यापासून तो स्वतःला मुलगाच म्हणत आला आहे, आणि मी व माझे यजमान आता त्याला मुलगा म्हणूनच वागवतो. अलीकडे त्याच्या छातीत, आधी एकाच बाजूला, गाठ जाणवू लागली. दप्तराचा पट्टा तिथे लागला की तो कळवळतो, पण दुखण्यापेक्षा त्या बदलाचाच त्याला अधिक त्रास होतो. उकाड्यातही तो शर्टाखाली दोन घट्ट बनियन घालतो आणि खांदे पुढे काढून चालतो. एकदा त्याने छातीला क्रेप बँडेज आवळून बांधले होते. त्याने फासळ्या दुखावतात व श्वासाला अडथळा होतो, हे डॉक्टरांनी त्याला समजावल्यावर ते थांबले.

बालरोगतज्ज्ञांनी तपासून ही टॅनर श्रेणीतील दुसरी पायरी, म्हणजे वयात येण्याची सुरुवात असल्याचे सांगितले आणि आम्हांला हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवले. मानसोपचारतज्ज्ञांकडे मूल्यमापन आधीपासून सुरू आहे. वयात येण्यापूर्वी औषधांचा प्रश्नच नसतो, हे आम्हांला माहीत होते; आता तो प्रश्न समोर आला आहे. ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनसारखे इंजेक्शन साधारणपणे दर महिन्याला किंवा दर तीन महिन्यांनी दिले जाते. त्यामुळे पिट्युटरी ग्रंथीकडून बीजांडकोशांना जाणारे संदेश थांबतात आणि शरीरातील बदल तिथेच रोखले जातात; औषध बंद केल्यावर ते पुन्हा सुरू होतात. फार लवकर वयात येणाऱ्या मुलांना ही औषधे 1980च्या दशकापासून दिली जात आहेत, परंतु त्या मुलांना ती योग्य वय येताच बंद करायची असतात, त्यामुळे तो अनुभव आमच्या मुलाला जसाच्या तसा लागू करता येत नाही, हे मला पटते.

सासूबाईंचे म्हणणे असे की पाळी सुरू झाली की सगळे आपोआप ठीक होईल. त्यांचे नातवावर जीवापाड प्रेम आहे, म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणे मला जड जाते. यजमानांचा विरोध वेगळा आहे. त्यांनी इंग्लंडमधील 2024चा कॅस अहवाल वाचला. या उपचारांमागचा पुरावा कमकुवत असल्याचा त्याचा निष्कर्ष होता, आणि तिथे या औषधांचा नित्य वापर त्याच वर्षी थांबवण्यात आला. स्वीडन आणि फिनलंडनेही धोरण कडक केले आहे. दुसरीकडे एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेची 2017ची आणि डब्ल्यूपॅथ या ट्रान्सजेंडर आरोग्यावर काम करणाऱ्या जागतिक व्यावसायिक संघटनेची 2022ची मार्गदर्शक तत्त्वे नीट मूल्यमापन करून, निवडक मुलांना हे उपचार देण्याच्या बाजूने आहेत. तज्ज्ञांतच इतके अंतर असताना दोन वर्षे थांबू, असे यजमान म्हणतात.

मला मात्र थांबणे हाही एक निर्णयच वाटतो. छातीची वाढ सुरू झाल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते, आणि पूर्ण वाढलेली छाती औषधाने पूर्ववत होत नाही. त्याच वेळी, औषधामुळे हाडे भरण्याच्या वयात त्यांची घनता हवी तशी वाढणार नाही, याची मलाही धास्ती वाटते. इतक्या लवकर बदल रोखून पुढे थेट टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरू केल्यास स्वतःचे मूल होण्याची शक्यता धोक्यात येते, ही गोष्ट तर 11 वर्षांच्या मुलापुढे कशी मांडावी हेच मला सुचत नाही. छातीची वाढ होऊ द्यावी आणि केवळ पाळी गोळ्यांनी थांबवावी, असा मधला मार्गही डॉक्टरांनी सुचवला आहे.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येऊन गेला आहे, त्यांनी कृपया लिहावे. औषध सुरू केले असल्यास डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी) किती दिवसांनी होत असे, उंचीवर व मनःस्थितीवर काय परिणाम दिसला, आणि मध्येच थांबावेसे वाटले तेव्हा डॉक्टरांनी कशी साथ दिली? औषध न घेता ही वर्षे काढली असतील, तर मुलाला रोजचा दिवस कशाने सुसह्य झाला? वाढत्या वयात बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) वापरू दिला का, आणि दिवसातून किती वेळ? आईवडिलांचे मत जुळत नसताना मुलासमोर काय बोललात आणि काय टाळलेत, हेही मला जाणून घ्यायचे आहे, कारण आमची कुजबुज त्याच्या कानावर जाते आणि मग तो दिवसभर गप्प राहतो.

एक विनंती आहे. उपचार दिले नाहीत तर मूल हातचे जाईल, किंवा दिले तर आयुष्य बरबाद होईल, असे उत्तर कृपया देऊ नये. भीतीपोटी घेतलेला निर्णय मला त्याच्यावर लादायचा नाही. पुढच्या महिन्यात हार्मोनतज्ज्ञांची भेट ठरली आहे आणि यजमानही सोबत येणार आहेत. तिथे कोणते प्रश्न विचारायलाच हवेत, हे कोणी त्यापूर्वी सांगितले तर ते लिहून नेता येतील.