मदत हवी आहे: निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामातून बँकेच्या ट्रेड फायनान्समध्ये (आयात-निर्यातीचे व्यवहार बघणाऱ्या विभागात) जाता येतं का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. पुण्यात एमबीए फायनान्स केलं. कॅम्पसमध्ये मिळालेली नोकरी रुजू व्हायच्या पंधरा दिवस आधी कंपनीने रद्द केली. महिनाभर घराबाहेर पडावंसं वाटेना. मग बाबांच्या ओळखीने इथल्याच एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीच्या कागदपत्रांचं काम धरलं. पगार १६ हजार.

पहिल्याच महिन्यात बँकेने माझी कागदपत्रं परत पाठवली. लेटर ऑफ क्रेडिटमधल्या (खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची लेखी हमी) मालाच्या वर्णनाशी माझं इन्व्हॉइस जुळत नव्हतं. खूप रडले. तेव्हापासून यूसीपी ६०० चे, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम वाचायला घेतले. आता बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर चढवल्याच्या पावतीच्या) तारखेपासून कागदपत्रं बँकेत द्यायचे २१ दिवस मोजते, ओळीखाली पट्टी धरून शब्द न् शब्द तपासते. गेल्या चार महिन्यांत कागदपत्रांचा एकही सेट परत आलेला नाही, आणि हे काम मला मनापासून आवडायला लागलंय.

घरचे म्हणतात, हे सोड, बँकेच्या परीक्षा दे. मला ट्रेड फायनान्समध्येच जायचंय. कारखान्यातला अनुभव बँका धरतात का? सीडीसीएस (लेटर ऑफ क्रेडिटच्या कामाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) आत्ताच करू की दोन वर्षं थांबू? फी पौंडात असते, म्हणून नीट विचारून ठरवायचंय. या कामातल्या ताई-दादांनी कृपया सांगा.