मामांच्या ट्रंकेतला हिरवा दगड: डायोप्टेज (तांब्याचं हिरवं खनिज) आहे का, किंमत किती येईल?

निपाणीकर७
आमचे मामा पूर्वी आफ्रिकेत खाणीत इंजिनिअर होते. ते गेल्यावर ट्रंक उघडली तर पेपरात गुंडाळलेला मुठीएवढा दगड मिळाला, खाली पांढरा आणि वर गडद हिरवे काचेसारखे स्फटिक, सोबत चिठ्ठी 'डायोप्टेज, त्सुमेब'. फोटो टाकलेत. इथला एक सराफ म्हणतो पाचू हाय, फोडून खडे काढून देतो. नेटवर कोण पाच हजार म्हणतंय कोण पाच लाख, आणि आई म्हणते आधी तांब्याच्या घागरीसारखं चिंचेनं घासून काढ. काय करू सांगा की ओ.

खानापूरवाला
चिंच, लिंबू, व्हिनेगर काहीही लावू नका!! खालचं पांढरं बहुतेक कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, आंबट लागलं की फसफसून विरघळतंय, मग वरचे स्फटिक सुटून हातात. डायोप्टेजलापण ॲसिड सोसत नाही. मऊ ब्रशनं धूळ झटका, बास.
पाचू वाटत नाही. पाचूचा स्फटिक सहा बाजूंचा आणि वरून सपाट असतो, फोटोत टोकं निमुळती दिसतायत. कठीणपणा पाचूचा साडेसात ते आठ, डायोप्टेजचा जेमतेम पाच, पण म्हणून खिळ्यानं ओरखडून बघत बसू नका. फोडायला तर अजिबात देऊ नका, ठरलेल्या दिशेनं लगेच चिरतो, अंगठीत कुठला टिकायला.

अथणी_द्राक्षवाला
मोरचूद (कॉपर सल्फेट) नव्हे न्हवं? आमच्याकडं द्राक्षावर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला तेच लागतंय 😀 चेष्टा सोडा, ऑनलाइन 'दुर्मिळ कॉपर मिनरल' म्हणून निळे खडे विकतात ते पुष्कळदा घरी वाढवलेलं मोरचूदच असतंय, पाण्यात विरघळतं, कोरड्या हवेत पांढरं पडतं.

खानापूरवाला
होय, पण ते निळं, हे हिरवं.

दगडधोंडे
चिठ्ठी जपा हो, निम्मी किंमत तिचीच. त्सुमेब म्हणजे नामिबियातली खाण, तीनशेच्या वर खनिजं निघाली तिथं आणि १९९६ ला बंद पडली, त्यामुळं जुना माल लेबलसकट असला की संग्राहक तुटून पडतात. तोच दगड बिनचिठ्ठीचा असला तर नुसता 'हिरवा दगड'. बाकी भाव ठरतो स्फटिक केवढे, चमक कशी आणि मुख्य म्हणजे टोकं शाबूत आहेत का यावर. दहापटीचं भिंग घेऊन एकेक टोक बघा, तुटलेल्या जागी ताजी चकाकी दिसते. नेटवरचे मागितलेले आकडे सोडून द्या, कोण काय पण मागतंय, लिलावात प्रत्यक्ष किती ला गेला ते बघा, तेही त्याच आकाराचा आणि त्सुमेबचाच.
खात्रीच करायची तर धारवाडला कर्नाटक युनिव्हर्सिटीत जिऑलॉजी डिपार्टमेंट आहे, तिथं विचारा. एक्सआरडी (क्ष-किरणांची तपासणी) म्हटलं तर थोडी पूड द्यावी लागते, म्हणून रामन (लेसरच्या उजेडाची तपासणी) होतंय का ते आधी विचारा, त्यात दगडाला धक्का लागत नाही.

निपाणीकर७
आईला थांबवलं. टोकं बघितली, दोन तुटलीत, बाकी चांगली. धारवाडला बसनं न्यायचा तर कसा बांधू? कापसात चालतं का?

दगडधोंडे
कापूस नको, तंतू स्फटिकात अडकतात, काढताना टोक जातं. डब्याच्या तळाला फोम लावून पांढरा भाग त्यात घट्ट बसवा, वरनं काही टेकू देऊ नका. चिठ्ठीची झेरॉक्स न्या, मूळ घरीच ठेवा.