टोकियो–लंडन: ९,६०० किमीला चौदा तास कसे?

सरळरेघ:
अंतर सांगणाऱ्या साइटवर टोकियो ते लंडन साधारण ९,६०० किमी येतंय. विमान ताशी ९०० किमीने धरलं तर पावणेअकरा तास. तिकिटावर मात्र चौदाच्या वर, तेही थेट विमानाला! परतीचा वेळ आणखी वेगळा. पृथ्वी फिरते त्याचा काही संबंध आहे का?

उंटावरचा:
तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. अर्धा तास तिथेच गेला. बाकीचं जाणकार सांगतील.

वारापाणी:
उड्डाणांचे मार्ग आखण्यात बरीच वर्षं घालवली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

साइटवाले पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतर मोजतात. तुमचा दोरा बराचसा सैबेरियावरून जातो, आणि तीच हद्द २०२२ च्या युद्धापासून टाळली जाते. त्याआधी हाच प्रवास साडेबारा तासांच्या आसपास व्हायचा. शीतयुद्धातही सोव्हिएत हद्द अशीच बंद होती. तेव्हा विमानं अलास्कात अँकरेजला उतरून इंधन घ्यायची.

आता गंमत बघा. लंडन टोकियोच्या पश्चिमेला, पण जपानी विमानं बऱ्याचदा निघतात पूर्वेला! पॅसिफिक, अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंड असं करत वरून लंडनला उतरतात. परतताना मात्र कॅस्पियन, मध्य आशिया, चीन. म्हणजे जातानाही पूर्वेला, येतानाही पूर्वेला. तिकीट परतीचं आणि झाली पृथ्वीप्रदक्षिणा.

कारण वारा. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात फारच जोरात. समोरून ताशी १०० किमीचा वारा कायम राहिला तर तुमचे पावणेअकरा तास सरळ बारा होतात. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं, ते याच वाऱ्यावर. उलट दिशेला एरवीही सात तास लागतात.

पृथ्वीच्या फिरण्याचं म्हणाल, तर हवाही तिच्याबरोबरच फिरते. विमानाखालून जमीन सरकत जाते असं काही नसतं. हे वारे वळतात कसे, यात त्या फिरण्याचा हात आहे, तेवढंच.

सरळरेघ:
धन्यवाद! पण पूर्वेला जाताना वाररेषा ओलांडायची आणि पोचायची तारीख तीच?

वारापाणी:
हो. हिवाळ्यात लंडन टोकियोच्या नऊ तास मागे असतं. सकाळी साडेनऊला निघालात आणि साडेचौदा तास लागले, तर टोकियोत मध्यरात्र, लंडनमध्ये त्याच दिवसाचे दुपारचे तीन. वाररेषेवर एक दिवस मागे जाता, पुढे घड्याळं तो भरून काढतात.

उंटावरचा:
ग्रीनलंड बघायला खिडकी कुठली घ्यावी?

वारापाणी:
डिसेंबरात जाणार असाल तर कुठलीही. तेव्हा तिथे उत्तरेला दिवसाही अंधारच असतो.